खायचे फटाके: घरच्या किल्ल्यापासून ऑर्डरच्या वहीपर्यंत

"मम्मी, हा खाल्ला तर पोटात वाजेल का?"

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. फटाक्याच्या आवाजाला ती भयंकर घाबरायची. शेजारी लवंगी माळ लागली की ही कानावर हात ठेवून थेट देवघरात. त्या दिवाळीत मी खाऱ्या शंकरपाळ्यांचं पीठ मळलं होतं. ते शंकरपाळे न कापता मी त्याच्या छोट्या छोट्या नळ्या वळल्या, तोंडाला शेवेचा तुकडा वात म्हणून खोचला आणि तळून तिच्यासमोर ठेवल्या. म्हटलं, ही घे लवंगी. ही फोडायची नाही, चावायची. तिने पहिला प्रश्न विचारला तो वर लिहिलाय. दुसरा प्रश्न नव्हताच, कारण तोंड भरलेलं होतं.

मित्र-मैत्रिणींनो, चॅनेलवर दर दिवाळीला एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, फराळाचा व्यवसाय करायचाय, पण चकली-चिवडा तर सगळेच करतात. मी वेगळं काय देऊ?" आज त्यावर लिहिते. लहान मुलांना बघताक्षणी आवडेल असा, दिवाळीच्या वस्तूंच्या आकाराचा तिखट-खारा फराळ. आधी घरच्यांसाठी कसा करायचा ते सांगते. मग मी त्यात कशी तोंडावर आपटले तेही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही.

नवीन वाचकांसाठी एवढंच की माझं साताऱ्यात बेकिंगच्या सामानाचं आणि पॅकिंगच्या डब्यांचं दुकान आहे. बीबीए केलं, लग्न झालं, दुकान टाकलं, मग शिकवायला लागले. म्हणजे साचे आणि कटर विकणं हा माझाच धंदा आहे. तरी आधीच सांगते, पहिल्या वर्षी माझ्याकडून किंवा कुणाकडूनच कटर विकत घेऊ नका. करंजीचं कातणं, स्टीलची वाटी, चकलीचा सोऱ्या आणि मुलांच्या दप्तरातल्या दोन लाकडी पट्ट्या एवढ्यात सगळं होतं.

आमच्या घरचे चार आयटम

आमच्याकडे सहामाही परीक्षा संपली की अंगणात किल्ला सुरू होतो. साताऱ्यात घराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसत असताना पोरं किल्ला करणार नाहीत तर काय! माती, विटा, पोत्याचं कापड, वर अळीव पेरायचे. या किल्ल्याशेजारी ठेवायला म्हणून आमचे खायचे फटाके सुरू झाले.

पहिला आयटम भुईचक्र. यात नवीन काही नाही, चकली मुळातच भुईचक्र आहे! फक्त नेहमीपेक्षा मोठी, पाच वेढ्यांची करायची आणि शेवटचं टोक आत न दाबता थोडं बाहेर काढायचं, ती वात. हा विभाग आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा. त्यांची भाजणी ठरलेली. तांदूळ १ किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, उडदाची डाळ पाव किलो, मुगाची डाळ पाव किलो, धने, जिरं. सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येक धान्याला भाजायला वेगळा वेळ लागतो. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर दात मागते. मोठी चकली असेल तर हा हिशोब अजून नाजूक होतो, कारण झाऱ्यावर उचलताना तिचं वजन तिलाच पेलत नाही. म्हणून मोठं भुईचक्र आम्ही बटर पेपरच्या चौकोनी तुकड्यावर पाडतो आणि कागदासकट तेलाजवळ नेऊन अलगद उलटं सोडतो.

एका वर्षी मी हुशारी केली आणि अर्ध्या उकडीत बिटाचा रस घातला. कच्ची चकली काय सुंदर दिसत होती! तेलातून बाहेर आली ती तपकिरी. बिटाचा रंग तळणीच्या उष्णतेत टिकत नाही. पालकाचा हिरवा बराच टिकतो, लाल तिखट आणि हळदीचा उत्तम टिकतो. बाजारातला खाण्याचा रंग मी वापरत नाही. मुलांच्या खाऊत रंग दिसला की आईचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि ऑर्डर तिथेच अडकते.

दुसरा आयटम फुलबाजी. हा माझा सगळ्यात लाडका, आणि पुढे कळेल की सगळ्यात जास्त कमावून देणाराही. खाऱ्या पिठाची लांब काडी कापायची, अर्ध्या भागाला मैद्याची पातळ खळ लावायची आणि पांढऱ्या तिळात घोळवायची. तळून निघाली की हुबेहूब फुलबाजी. तीळ नुसत्या पाण्याने चिकटवू नका, तेलात सुटतात, जळतात आणि पुढच्या सगळ्या घाण्याला कडवट वास लागतो. खळ लावल्यावर तळहाताने हलकं दाबा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या.

तिसरी लवंगी, तिची गोष्ट पुढे येतेच आहे.

चौथी पणती. स्टीलच्या छोट्या वाटीला बाहेरून तेलाचा हात लावायचा, पातळ लाटलेली पारी त्यावर चिकटवायची, काठ कापून घ्यायचे, काट्या-चमच्याने टोचे मारायचे आणि वाटीसकट तेलात सोडायचं. थोड्या वेळात पारी कडक होऊन वाटी आपोआप सुटते. मग वाटी चिमट्याने काढायची आणि कटोरी मंद आचेवर पूर्ण तळायची. टोचे मारायला विसरलात तर पणती फुगून पुरी होते. खायला चांगलीच लागते, पण ती पणती नसते. यात आयत्या वेळी चिवडा भरायचा आणि वर गाजराची चकती ज्योतीसारखी कापून खोचायची. हे भरायचं काम मुलांचं. कढईच्या आसपास मात्र मुलांना अजिबात येऊ द्यायचं नाही. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर खडूची रेघ असते, तळण सुरू असताना ती ओलांडायची नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. किल्ला म्हटल्यावर एका विद्यार्थिनीने उत्साहात मावळ्यांच्या आकाराच्या खाऱ्या पुऱ्या करायचं ठरवलं होतं. मी थांबवलं. आपल्याकडे किल्ल्यावर महाराज सिंहासनावर बसतात, मावळे पहाऱ्याला उभे असतात. त्यांचं डोकं मुलांनी कटकन् मोडून खावं हे कुणाला रुचेल? लक्ष्मीची पावलं, गणपती, स्वस्तिक, हेही नको. फटाके, पणती, आकाशकंदील, ढाल, बुरूज एवढे आकार भरपूर आहेत.

पीठ एकच, सगळं त्यातूनच

फुलबाजी, लवंगी आणि पणती तिघांचं पीठ एकच. मैदा ५०० ग्रॅम, बारीक रवा १०० ग्रॅम, तेलाचं कडकडीत मोहन १०० ग्रॅम, मीठ १२ ग्रॅम, ओवा आणि जिरं हातावर चुरडून प्रत्येकी एक चमचा, चिमूटभर हिंग. मोहन घातल्यावर पीठ दोन्ही हातांनी चोळायचं. मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने ढकलला की फुटला पाहिजे. पाणी साधारण २२० मिली लागतं, पण एकदम ओतू नका, प्रत्येक मैदा वेगळं पाणी पितो. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. जाडसर रवा असेल तर पाऊण तास.

आता महत्त्वाचा भाग. गमतीदार आकाराच्या फराळाची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे "दुसऱ्या दिवशी मऊ पडला." कारण साधं असतं. आकाराच्या नादात एक टोक जाड, एक पातळ होतं. पातळ भाग लाल झाला की आपण घाणा काढतो, तेव्हा जाड भागाच्या पोटात ओल राहिलेली असते. डब्यात गेल्यावर ती ओल सगळीकडे पसरते. म्हणून लाटताना पोळीच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवायच्या आणि लाटणं त्या पट्ट्यांवरून फिरवायचं. मी ४ मिलिमीटर जाडी धरते. सगळी पोळी आपोआप एकसारखी लाटली जाते, नवीन मदतनीस बाईंनाही पहिल्या दिवशी जमतं.

तेल १५० ते १५५ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर पिठाचा छोटा तुकडा सोडून बघा. तो आधी तळाशी गेला पाहिजे, मग बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर आला पाहिजे. लगेच उसळून वर आला तर तेल जास्त तापलंय. एका घाण्याला ८ ते १० मिनिटं द्यायची. बुडबुडे जवळजवळ थांबले म्हणजे पाणी निघून गेलं. रंगाकडे बघू नका, बुडबुड्यांकडे बघा.

काढल्यावर जाळीवर ठेवा. रद्दी पेपरवर तेल निथळायची आपली जुनी सवय घरी असली तरी विकायच्या मालाला चालत नाही, शाईचा अंश खाण्यात उतरतो आणि ते नियमातही बसत नाही. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही. गरम भरलं की आतल्या वाफेचं पाणी होतं आणि दहा मिनिटं तळलेलं सगळं वाया जातं.

आई माझं हे सगळं पट्टी-थर्मामीटर प्रकरण बघत असतात. त्या एकदाच म्हणाल्या, "अगं, आकार बघून पोर एक उचलेल. दुसरा उचलेल तो चवीला." तेव्हा मला ते टोमण्यासारखं वाटलं होतं.

३२ किलोची ऑर्डर

पहिल्या वर्षी घरात कौतुक झालं. दुसऱ्या वर्षी भाऊबीजेला नणंदेच्या मुलांनी डबा संपवला. तिसऱ्या वर्षी मी फोटो स्टेटसला टाकले, आणि एका सोसायटीच्या दिवाळी कार्यक्रमासाठी ऑर्डर आली. लवंगी, पाव किलोचा एक डबा, १२८ डबे. म्हणजे ३२ किलो. भाव विचारला तर मी आजूबाजूच्या दुकानांत खारे शंकरपाळे कितीला आहेत ते बघितलं, थोडे वाढवले आणि ३६० रुपये किलो सांगून टाकले. बीबीएमध्ये कॉस्टिंगचा पेपर दिलेली बाई मी! नळी वळायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून एकदाही मोजलं नव्हतं. घरी आम्ही अर्धा किलो करायचो, गप्पा मारत, सीरियल बघत. तो वेळ मोजावासाच वाटला नव्हता.

मी आणि दोन मदतनीस, आम्ही बसलो. पहिल्याच संध्याकाळी घड्याळ बघितलं तर एक किलो लवंगीला २ तास ५० मिनिटं. ऑर्डर घेतलेली, ॲडव्हान्स घेतलेला. आठवडाभर दुकान बंद केल्यावर रात्री एक-दीडपर्यंत नळ्या वळत होतो. वर शेवेची वात खोचलेली, ती तळताना गळायची. जी तळताना वाचायची ती डबा भरताना मोडायची. शंभरातल्या पंधरा बाजूला काढाव्या लागत होत्या.

डबे पोचवले. संध्याकाळी फोन आला की नऊ डब्यांत लवंग्या नाहीत, नुसते तुकडे आहेत. त्यांचं बरोबर होतं. नऊ डबे बदलून दिले.

दिवाळी झाल्यावर वही काढली. एका किलोचा हिशोब असा निघाला. मैदा-रवा ३६ रुपये, तेल ३८, तळून उरलेलं आणि टाकून द्यावं लागलेलं तेल १०, ओवा-जिरं-हिंग-मीठ ८, गॅस १६. झाले १०८. मजुरी ताशी ६० रुपयांनी १७०. झाले २७८. पण केलेल्या किलोतले ८५० ग्रॅमच विकण्यासारखे, म्हणून २७८ भागिले ०.८५, म्हणजे ३२७. चार डबे आणि लेबलं ५६. एकूण ३८३ रुपये. विकलं ३६० ला.

किलोमागे २३ रुपये खिशातून. बदलून दिलेले डबे धरून एकूण १,६०० रुपयांच्या आसपास तोटा. तुम्ही म्हणाल, १,६०० म्हणजे काही फार नाही. खरंय. मोडतोड धरून आम्ही चाळीस किलो लवंगी केली होती, तिघींचे मिळून ११४ तास गेले होते. आणि मला जे लागलं ते वेगळंच होतं. नरकचतुर्दशीच्या सकाळी लेकीने किल्ल्याशेजारची रिकामी ताटली दाखवून विचारलं, "आपल्यासाठी नाही केले?" खरंच केले नव्हते. बाजूला काढलेल्या तुकड्यांचा डबा होता, तो दिला. ती काही बोलली नाही, तुकडे खाल्ले. जिच्यासाठी हे सुरू झालं तिलाच त्या वर्षी लवंगी मिळाली नाही.

मग काय बदललं

आकार सोडला नाही, आकार निवडायची पद्धत बदलली. आता कुठलाही नवीन प्रकार आधी घरच्यांसाठी करते आणि तो करताना ओट्यावर घड्याळ ठेवते. एक किलोला किती मिनिटं, किती मोडले, दोन्ही वहीत. मग एक डबा भरून दुकानातल्या पोराला स्कूटरवर पोवई नाक्यापर्यंत फिरवून आणायला सांगते. परत आल्यावर डबा उघडायचा आणि तुटलेले मोजायचे. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन मोजण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

फुलबाजी या परीक्षेत पहिली आली. पट्ट्यांवर लाटायची, कातण्याने सरळ रेघा मारायच्या, तिळात बुडवायची. एक किलोला १ तास १० मिनिटं. मोडतोड शंभरात पाच. सामान तिळासकट १२३, मजुरी ७०, मोडतोड धरून २०३, डबे-लेबल ५६, एकूण २५९ रुपये. मी ४०० रुपये किलोने थेट गिऱ्हाईकाला देते, १४१ रुपये उरतात. हे माझ्या गेल्या हंगामाचे आणि माझ्या गावातले भाव आहेत. तुमच्या गावचा मैदा, तुमच्याकडची मजुरी घालून स्वतःचा आकडा काढा, माझा उतरवून घेऊ नका. आणि घरच्या बायका मदतीला असल्या तरी मजुरी लिहाच. सासूबाईंचे, वहिनीचे तास फुकट धरून काढलेला नफा हा नफा नसतो, त्यांची उधारी असते.

फुलबाजीची लांबी मी १२ सेंटिमीटर ठेवलीय, कारण डबा आतून १३ चा आहे. आधी डबा ठरवा, मग काडी कापा. सुरुवातीला मी १५ सेंटिमीटरच्या सुंदर काड्या केल्या होत्या आणि त्या मावतील असा डबा माझ्याच दुकानात नव्हता!

लवंगी अजूनही करते. शेवेची वात काढून टाकली, पिठाचंच टोक चिमटून ओढते, ते मोडत नाही. पण किलोने विकत नाही. मिक्स डब्यात वर दहा-बारा लवंग्या ठेवते. मुलांची नजर तिच्यावर जाते, डब्याचं वजन फुलबाजी आणि चकलीने भरतं. पणती तर विकतच नाही. ती प्रवासात टिकत नाही आणि चिवडा भरून ठेवला की तासा-दोन तासांत कडकपणा जातो. ती फक्त घरी, किंवा कुणाच्या कार्यक्रमाला जागेवर जाऊन भरून देण्यासाठी.

विकायला लागणार असाल तर कागदपत्रांचं थोडक्यात. घरून विकलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, फॉस्कॉस पोर्टलवर ऑनलाइन होते, आणि मिळालेला १४ अंकी नंबर लेबलवर छापायचा. त्याबरोबर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि तुमचा पत्ता. तीळ किंवा शेंगदाणा असेल तर तो ठळक लिहा, लहान मुलांच्या खाऊत याला महत्त्व आहे. तळणीचं तेल पुन्हापुन्हा वापरू नका. टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला बंदी आहे. घरात ते मोजायचं यंत्र नसतं, म्हणून मी सोपा नियम ठेवलाय, तेल काळपट झालं, घट्ट झालं किंवा फेस धरायला लागलं की बाद. वर हिशोबात दहा रुपये धरलेत ते त्याचेच.

ऑर्डर मी वसुबारसेच्या बारा दिवस आधी बंद करते. शेवटच्या आठवड्यातल्या ऑर्डरला "नाही" म्हणायला पहिल्या वर्षी जीव तुटला. पण त्या आठवड्यातला एक रविवार दुकानाच्या पाटीवरच लिहून बंद ठेवते. त्या दिवशी घरचं तळण असतं.

लेक आता दहा वर्षांची आहे. फटाक्यांना पूर्वीइतकी घाबरत नाही, पण अजून फोडत नाही. कातण्याच्या रेघा माझ्यापेक्षा सरळ मारते. यंदा तिने आकाशकंदील करायचा ठरवलाय. तळलेल्या चौकोनी चौकटीला खाली शेवेच्या झिरमिळ्या. मी बघितल्या बघितल्याच सांगितलं की झिरमिळ्या मोडणार. ती म्हणाली, "विकायचाय कुठे? किल्ल्यावर ठेवायचाय." घड्याळ मात्र तिनेच लावलंय, एका कंदिलाला सव्वीस मिनिटं.

येत्या रविवारच्या व्हिडिओत फुलबाजी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवणार आहे. बरोबर करायची असेल तर अर्धा किलो मैदा, बारीक रवा, पॉलिश नसलेले पांढरे तीळ आणि एकसारख्या जाडीच्या दोन पट्ट्या आणून ठेवा. पट्ट्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, घेताना दोन्ही एकावर एक ठेवून बघा.